साखरपुड्याच्या अंगठीसाठी हिऱ्याचा आकार निवडताना

काउंटरवर येणाऱ्या जोडप्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "आमचं बजेट एवढं आहे. त्यात किती सेंटचा हिरा बसेल?" लक्ष्मी रोडवरच्या एका पेढीत हिऱ्यांच्या काउंटरमागे मी चौदा वर्षं काढली, आणि या प्रश्नाला माझं उत्तरही ठरलेलं होतं: "आधी हात दाखवा बघू." मुलगी जरा गोंधळायची, मग हात पुढे करायची. बोटं लांब की आखूड, सांधे जाड की बारीक, नखं वाढवलेली की मुळापासून कापलेली, त्वचा सॅनिटायझरने कोरडी पडलेली की बोटांच्या पेरांवर हळद चढलेली. तेवढ्यावरून निम्मं काम व्हायचं.

सेंट, म्हणजे हिऱ्याचं वजन, आणि सर्टिफिकेट यांचं गणित नंतरचं. हिऱ्याचा आकार, म्हणजे गोल की चौकोनी की लांबट, हे ठरलं की रंग कितपत चांगला लागेल, आतले डाग किती चालतील, कोंदण कसलं हवं आणि पैसे कुठे वाचतील, हे सगळं त्याच्यामागून येतं. उलट्या बाजूने सुरुवात केली की बजेटात बसणारा सगळ्यात वजनदार खडा गळ्यात पडतो आणि तो बोटावर कसा दिसतो हे साखरपुड्याच्या फोटोंत कळतं.

यात घरच्यांची मदतही फारशी होत नाही, आणि तो त्यांचा दोष नाही. आपल्याकडचा विधी नावाप्रमाणे साखरेच्या पुड्याचा. अंगठ्यांची देवाणघेवाण त्याला पुढे येऊन चिकटली. त्यामुळे नथीचे मोती कसे पारखावेत, कुड्यांना मळसूत्र घट्ट कसं असावं, यावर आजी तासभर बोलेल. सॉलिटेअरचा, म्हणजे एकाच हिऱ्याच्या अंगठीचा, विषय निघाला की "चांगला पाणीदार बघून घ्या" एवढंच म्हणेल. सल्ला बरोबर आहे, पण पाणीदार कसा ओळखायचा ते पुढे बघू.

आधी एक घोळ मिटवून टाकू. दुकानात "कट" हा शब्द दोन अर्थांनी वापरतात. "एमराल्ड कट", "प्रिन्सेस कट" म्हणतात तेव्हा आकार सांगत असतात. "कट एक्सलंट आहे" म्हणतात तेव्हा पैलू किती नेमके पाडलेत त्याचा दर्जा सांगत असतात. समोरचा भरभर बोलत असेल तर मध्येच थांबवून विचारा, कुठला कट?

पायरी १: हाताचा दिवस लिहून काढा

कागदावर खरंच लिहा. अंगठी घालणारा हात सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय करतो? कणीक मळतो का? दिवसभर रबरी हातमोजे चढवतो-काढतो का? स्कूटीचं हँडल, लोकलच्या डब्यातला दांडा, जिममधलं वजन, लहान बाळ? अंगठी उजव्या हातात घालणार की डाव्या? उजव्यात घालणार असाल तर वरण-भात कालवणं आलंच.

हे लिहायचं कारण असं की हिरा फुटत नाही हा आपला गोड गैरसमज आहे. हिऱ्यावर ओरखडा उठवणं जवळपास अशक्य, हे खरं. कठीणपणाच्या मोस मापात तो दहावर, सगळ्यात वर. पण ओरखडा न उठणं वेगळं आणि टवका न उडणं वेगळं. हिऱ्याच्या स्फटिकात चार ठरावीक दिशा अशा असतात की त्या रेषेत नेमका फटका बसला तर तो लाकडाच्या ढलपीसारखा सुटतो. जुने कारागीर कच्चा हिरा याच दिशेत टोला मारून दुभंगत असत. जिथे आकाराला टोक किंवा कोपरा असतो तिथे खडा पातळ होतो आणि हा धोका वाढतो.

एकदा एक बाई अंगठी रुमालात बांधून घेऊन आल्या. लग्नाला सात महिने झाले होते. प्रिन्सेस आकार, म्हणजे टोकदार कोपऱ्यांचा चौकोन. प्रेशर कुकर घासताना हात ओट्याच्या ग्रॅनाइटच्या कडेवर आपटला होता. मी भिंग लावलं. चारपैकी एक कोपरा गायब, आणि तिथे शिंपल्याच्या आतल्या भागासारखा गुळगुळीत खळगा. "अहो, पण हिरा कसा तुटेल?" त्या तीन वेळा म्हणाल्या. त्या अंगठीत कोपऱ्यांवर साध्या गोल नख्या होत्या, त्याही जरा मागे बसवलेल्या. टोक उघडंच होतं. नख्या म्हणजे हिऱ्याला धरून ठेवणारे सोन्याचे काटे, दुकानात त्यांना प्राँग म्हणतात. प्रिन्सेसच्या कोपऱ्यांना इंग्रजी व्ही अक्षरासारख्या, टोक पूर्ण झाकणाऱ्या नख्याच हव्यात. पेअरच्या (थेंबासारखा आकार) टोकाला एक, मार्कीजच्या (होडीसारखा, दोन्हीकडे निमुळता) दोन्ही टोकांना दोन, हार्टच्या (बदाम) खालच्या टोकाला एक. हा नियम तेव्हापासून मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत आले.

तर यादीत हाताची कामं जास्त असतील तर गोल, ओव्हल (लंबगोल) किंवा कुशन (उशीसारखा) बघा. यांना टोक नाही. कापलेल्या कोपऱ्यांचे चौकोनी आकार, म्हणजे एमराल्ड, अ‍ॅशर आणि रेडियंटही बऱ्यापैकी सुरक्षित. टोकदार आकार आवडला तर घ्यावा, फक्त कोंदण त्याला साजेसं असावं आणि कामाच्या वेळी अंगठी काढायची सवय असावी. सवय नसेल तर ती लग्नानंतर लागेल अशा भरवशावर राहू नका.

पायरी २: कागद कापा

ही पायरी फुकट आहे आणि दुकानात जाण्याआधी घरी करायची आहे. शाळेतला आलेख कागद घ्या. मिलिमीटरच्या चौकटी असतातच. त्यावर पुढची मापं काढा, कापा, आणि एकेक तुकडा पातळ चिकटपट्टीने अनामिकेवर लावून बघा.

अर्ध्या कॅरटचे, म्हणजे ५० सेंटचे हिरे वरून साधारण एवढे दिसतात. गोल: ५.१ मिलिमीटर व्यासाचा. प्रिन्सेस: ४.४ चा चौकोन. ओव्हल: ६ बाय ४. एमराल्ड: ५.५ बाय ४. पेअर: ६.५ बाय ४.५. मार्कीज: ८ बाय ४. एक कॅरटचं बजेट असेल तर गोल ६.५, प्रिन्सेस ५.५, ओव्हल ७.७ बाय ५.७, मार्कीज १० बाय ५. खड्यागणिक थोडाफार फरक पडतो, पण कागदी खेळाला एवढं पुरे.

खेळ वाटतो, पण दोन गोष्टी लगेच लक्षात येतात. पहिली: ५० सेंटचा मार्कीज आणि ५० सेंटचा प्रिन्सेस यांचं वजन सारखंच असलं तरी एक बोटभर पसरतो आणि दुसरा मधोमध ठिपक्यासारखा बसतो. सेंट हे वजनाचं माप. १०० सेंटचा एक कॅरट आणि एक कॅरट म्हणजे ०.२ ग्रॅम. ते वजन पोटात साठलंय की वरच्या अंगाला पसरलंय हे सेंट सांगत नाहीत, सर्टिफिकेटवरचे मिलिमीटर सांगतात. दुसरी: आखूड बोटांवर उभट आकार बोटाला लांबी देतो हे सगळे सांगतात, पण किती लांब झाल्यावर तो बोटाच्या पेरावर चढून अवघडल्यासारखा दिसतो हे त्या त्या बोटावर लावल्याशिवाय कळत नाही. फार बारीक बोटांवर रुंद चौकोनी खडा बोटाच्या दोन्ही कडांपर्यंत पोहोचतो, वरून बघितलं की बोट दिसेनासं होतं.

कागद चिकटवून तासभर घरात वावरा, चहा करा, फोन हाताळा. आवडलेल्या दोन आकारांची नावं लिहून ठेवा. दोनच. पाच आकार डोक्यात घेऊन आलेलं जोडपं संध्याकाळी रिकाम्या हाताने आणि भांडत परत जाताना मी पाहिलंय.

पायरी ३: चमक कुठल्या जातीची आवडते ते ठरवा

आकार दहा-बारा असले तरी चमकेच्या जाती मुख्यतः दोन. एक ब्रिलियंट: त्रिकोणी आणि पतंगाच्या आकाराचे पुष्कळ पैलू, हात हलला की ठिणग्या उडाल्यासारखा प्रकाश. गोल, ओव्हल, पेअर, मार्कीज, प्रिन्सेस, कुशन, रेडियंट, हार्ट हे या जातीचे. दुसरी स्टेप: लांबट पट्ट्यांसारखे पैलू, पायऱ्यांसारखे एकाखाली एक. एमराल्ड आणि अ‍ॅशर या जातीचे. त्यांची चमक ठिणग्यांची नसते. पायऱ्यांच्या विहिरीत डोकावावं तसं आत आत जाणारं काळं-पांढरं, आणि हात फिरवला की एकदम मोठा लख्ख पट्टा. काहींना ते थंड वाटतं. मला विचाराल तर काउंटरवर दिवसभर ठिणग्या बघून डोळे थकले की मी एमराल्डचा ट्रे पुढे ओढायची.

गोल हा सगळ्यांत अभ्यासलेला आकार. १९१९ साली मार्सेल टोल्कोव्स्कीने हिऱ्याचे कोन आणि उंची यांचं गणित मांडलं आणि आजचा ५७ पैलूंचा (खालच्या टोकाला सपाट केलं तर ५८) गोल ब्रिलियंट त्याच वाटेने आला. गोलाला आणखी एक सोय आहे. जीआयए ही हिरे तपासून सर्टिफिकेट देणारी प्रयोगशाळा २००६ पासून गोल ब्रिलियंटला कटची श्रेणी देते, त्यामुळे "एक्सलंट" लिहिलेला गोल घेताना नवख्या माणसाची फारशी फसगत होत नाही. बाकी आकारांच्या बहुतेक सर्टिफिकेटांवर पॉलिश (पैलूंची सफाई) आणि सिमेट्री (त्यांचा सारखेपणा) असते, पण कटची श्रेणी नसते. तिथे डोळे वापरावे लागतात.

गोल महाग का, हेही समजून घ्या. कच्चा हिरा बरेचदा अष्टफलकी सापडतो, म्हणजे दोन पिरॅमिड बुडाला बूड लावून ठेवल्यासारखा. तो मधून कापला की दोन चौकोनी बुडाचे तुकडे मिळतात. चौकोनातून चौकोनी प्रिन्सेस काढायचा तर थोडंच वाया जातं. गोल काढायचा तर चारही कोपरे घासून भुकटी करावी लागते, निम्म्याहून जास्त वजन सहज जातं. त्यात मागणीही गोलालाच जास्त. म्हणून त्याच दर्जाचा ओव्हल, कुशन किंवा प्रिन्सेस सहसा गोलापेक्षा स्वस्त पडतो.

वजन राखायचं की प्रकाश, ही ओढाताण जुनी आहे आणि तिची एक गोष्ट आपल्या घरची आहे. त्र्यंबकेश्वराच्या देवाचा नाशिकचा हिरा, जगात "नस्साक" म्हणून ओळखला जाणारा, १८१८ साली पेशवाई बुडताना इंग्रजांच्या हाती लागला. तेव्हा तो सुमारे ९० कॅरटचा होता. आपल्या जुन्या कारागिरांचा कल वजन राखण्याकडे होता. मूळ खड्याचा आकार धरून त्यावर पैलू चढवायचे. लंडनला गेल्यावर तो पुन्हा घासला गेला, आणि १९४० साली न्यूयॉर्कचे जवाहीर हॅरी विन्स्टन यांनी तो विकत घेऊन एमराल्ड आकारात पाडून घेतला. उरला ४३.३८ कॅरट. कोहिनूरचंही तेच: १८५२ साली १८६ कॅरटवरून १०५.६ वर, आणि आकार ओव्हल. जवळपास निम्मा हिरा प्रकाशासाठी खर्ची घातला. आजचा सुरतेचा कारागीर उलटा हिशोब करायच्या मोहात पडतो, कारण ४७ सेंटपेक्षा ५० सेंटचा भाव प्रति कॅरट चढा असतो. ते तीन सेंट राखायला खड्याचं पोट जाड ठेवलं जातं आणि तुम्ही न दिसणाऱ्या पोटाचे पैसे मोजता. म्हणून ४७-४८ सेंटचा नीट पाडलेला हिरा मिळाला तर खुशाल घ्या. बोटावर तो पन्नासचाच दिसेल.

ओव्हलबद्दल जरा सविस्तर, कारण सध्या दहातली सहा-सात पोरं मोबाईलवर ओव्हलचाच फोटो घेऊन येतात. आकार सुरेख आहे, टोक नाही, बोट लांब दिसतं, गोलापेक्षा स्वस्त. दोष एकच, पण डोळ्यात भरणारा: खड्याच्या मधोमध, रुंदीच्या दिशेने, काळसर फुलपाखरासारखी सावली. धंद्यात तिला बो टाय म्हणतात. पेअर आणि मार्कीजमध्येही ती असते. थोडीशी असणं स्वाभाविक आहे, त्याने खड्याला उठावही येतो. पण खडा तोंडासमोर धरल्यावर हलवला तरी न हलणारा काळा ठिपका असेल तर तो परत ट्रेमध्ये ठेवा. सर्टिफिकेटवर बो टायचा उल्लेख नसतो. फोटोत ती लपवता येते. म्हणून ओव्हल ऑनलाइन घ्यायचा असेल तर फिरता व्हिडिओ मागावा, तोही साध्या उजेडातला.

उभट आकारांत लांबीला रुंदीने भागून बघायचं. ओव्हल १.३५ ते १.५०, एमराल्ड १.३० ते १.५०, पेअर १.४५ ते १.७५, मार्कीज १.७५ ते २.१५ या दरम्यान बहुतेकांना बरे वाटतात. १.२० चा ओव्हल गोल घेताना काहीतरी चुकलं असावं असा दिसतो. पण आवडलाच तर घ्या, हा नियम नाही, नजरेची सवय आहे. आकड्याहून महत्त्वाचं म्हणजे बाह्यरेषा. पेअरचे दोन्ही खांदे सारखे गोल आहेत का, टोक बरोबर मध्यावर आहे का, ओव्हलचं एक टोक दुसऱ्यापेक्षा बोथट तर नाही? पांढऱ्या कागदावर खडा उलटा ठेवला की ही रेषा स्वच्छ दिसते.

कुशन म्हणजे उशीसारखा, गोलसर कोपऱ्यांचा चौकोन. "ओल्ड माइन कट" या जुन्या काळच्या आकाराचा वारसदार. यात आतल्या पैलूंची मांडणी फार वेगवेगळी असते, एखाद्यात ठळक मोठे तुकडे तर एखाद्यात चुरलेल्या बर्फासारखी बारीक लुकलुक. सर्टिफिकेटवरचं नाव एकच असूनही दोन कुशन सख्ख्या भावंडांसारखे दिसतीलच असं नाही. प्रत्यक्ष बघूनच घ्यायचा आकार. हार्ट ५० सेंटच्या खाली घेऊ नका, नख्या बसल्यावर तो बदाम न दिसता ठिपका दिसतो.

पायरी ४: दारापर्यंत चला

दुकानातले दिवे हिऱ्याच्या बाजूने असतात. छतातल्या टोकदार स्पॉटलाइटखाली झिरकॉनचा नकली खडासुद्धा तळपतो. चमकतोय म्हणून खूश होऊ नका, तिथे चमकणं हे त्याचं कर्तृत्व नाही.

हिरा अंगठीत बसवण्याआधी, चिमट्यात किंवा बोटांच्या बेचक्यात धरून, सांगा: "जरा दाराशी बघते." चांगली पेढी नाही म्हणत नाही, सोबत माणूस देते. खिडकीच्या सावलीतल्या उजेडात बघा. मग साध्या ट्यूबलाइटखाली बघा. अंगठीचं आयुष्य याच उजेडात जाणार आहे: ऑफिसात, स्वयंपाकघरात, बसमध्ये. तिथेही खडा जिवंत वाटला, हात हलवला की प्रकाश एका पैलूवरून दुसऱ्यावर उडी मारताना दिसला, तर आजीचं "पाणी" ते हेच.

आता खड्याच्या मधून खालचं बोट दिसतंय का बघा. स्टेप आकारात आणि ओव्हलमध्ये खास. मधोमध पारदर्शक खिडकीसारखा भाग असेल, त्यातून बोटाच्या रेषा किंवा खाली ठेवलेल्या कागदावरची अक्षरं दिसत असतील, तर हिरा फार उथळ पाडलाय. प्रकाश परत वर न येता खालून निघून जातोय. मोठा दिसतो खरा, पण काचेचा वाटतो.

शेवटी हात लांब करून एका फुटावरून बघा. भिंगातून दिसणारा डाग बघून लोक रडकुंडीला येतात. भिंग दहापट मोठं दाखवतं. तुमच्या सासूबाई अंगठी दहापट मोठी करून बघणार नाहीत. (काही बघतील. पण त्यांच्यासाठी वेगळं बजेट लागतं.)

पायरी ५: आकारानुसार दर्जा

इथे पैसे वाचतात. गोल आणि इतर ब्रिलियंट आकारांत पैलूंच्या गर्दीत बारीक डाग आणि किंचित पिवळटपणा दोन्ही लपतात. पिवळ्या सोन्यात बसवणार असाल तर आय किंवा जे रंगाचा (श्रेणी डीपासून सुरू होते, डी सगळ्यात पांढरा) गोलही पांढराशुभ्र वाटतो, कारण शेजारी सोनं पिवळं असतं. क्लॅरिटी, म्हणजे खडा आतून किती स्वच्छ याची श्रेणी, एसआय१, पण डोळ्याला दिसणारा डाग नसलेली, पुरते. एमराल्ड आणि अ‍ॅशरचा मोठा सपाट माथा मात्र काहीच लपवत नाही. तिथे त्याहून स्वच्छ, व्हीएस२ किंवा वरची क्लॅरिटी आणि रंग एच किंवा त्याहून चांगला धरा. पेअर आणि मार्कीजच्या टोकांशी रंग साठून जरा जास्त पिवळा दिसतो, पांढऱ्या सोन्यात किंवा प्लॅटिनममध्ये तो खुपतो. काळा डाग असलेला हिरा अशुभ मानणारी घरं बरीच आहेत. तसं असेल तर आधीच सांगा, म्हणजे पांढुरक्या डागाचेच खडे काढून दाखवतात.

हिरा "मानवतो" का ते बघायला तीन रात्री उशाशी ठेवायची रीतही काही घरांत असते. माझा त्यावर विश्वास नाही, पण त्या तीन दिवसांत सुटा हिरा घरच्या उजेडात बघायला मिळतो, म्हणून मी कधी कुणाला अडवलं नाही.

लॅबमध्ये बनलेला हिरा घ्यायचा तर आकाराचे वरचे सगळे नियम तसेच लागू. रासायनिकदृष्ट्या तो हिराच आहे. फरक किमतीत आणि पुढे परत विकताना. स्वस्त पडतो म्हणून एकदम दोन कॅरटवर उडी मारण्याआधी कागदी तुकडा पुन्हा एकदा बोटावर लावा. नऊ नंबरच्या बारीक बोटावर आठ मिलिमीटरचा गोल सरबताच्या ग्लासवर बशी ठेवल्यासारखा दिसतो.

पायरी ६: कोंदण, सोनं, माप

हिऱ्याच्या अंगठीला २२ कॅरटचं सोनं मऊ पडतं, नख्या वाकतात. १८ कॅरट घ्या, हॉलमार्कमध्ये ७५० असतो, सोबत बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरो) चिन्ह आणि एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा सहा अक्षरा-अंकांचा ओळख क्रमांक. घरात कुणी "बावीसच हवं" म्हणून अडून बसलं तर त्यांना नख्या दाखवा, सोन्याची शुद्धता दाखवू नका.

कामाच्या हाताला बेझल उत्तम. म्हणजे आपलं जुनं कोंदणच: हिऱ्याभोवती सोन्याची सलग पट्टी. पैठणीचा धागा त्यात अडकत नाही, केस अडकत नाहीत, टोकं झाकली जातात. नख्यांचं कोंदण जास्त उजेड आत घेतं आणि खडा मोकळा दिसतो. अंगठी बाजूने बघायला विसरू नका. वरून देखणी असलेली अंगठी बाजूने बोटावर मनोऱ्यासारखी उभी असेल तर ती हातमोज्यात जाणार नाही.

पेअर आणि मार्कीज घेतलात तर माप चुकवू नका. गोल हिऱ्याची अंगठी बोटावर थोडी फिरली तरी कळत नाही, मार्कीज फिरला की आडवा पडतो आणि लगेच दिसतो. माप संध्याकाळी घ्या, सकाळी थंड बोटाचं घेऊ नका. सांधा जाड असेल तर सांध्यावरून जाईल पण खाली लोळणार नाही असं माप बघावं लागतं. आपल्याकडचा नंबर काढायची साधी युक्ती: अंगठीच्या आतल्या परिघाच्या मिलिमीटरमधून ४० वजा करा. ५२ मिलिमीटर म्हणजे साधारण १२ नंबर. मुलीला न सांगता घ्यायची असेल तर तिच्या बहिणीला गाठून त्याच बोटातली एखादी अंगठी मिळवा, अंदाजाने घेऊ नका. आणि पेअरचं टोक कुठे, हा प्रश्न हमखास येतो. रूढ पद्धत नखाकडे. उलट घातलं तर बघणाऱ्याकडे गोल बाजू येते, तेही वाईट दिसत नाही.

गोव्याच्या किंवा वसईच्या ख्रिस्ती घरात लग्नाचा वेगळा बँड, म्हणजे साधी गोल अंगठी, त्याच बोटात येणार असेल, किंवा परदेशात राहून दोन्ही घालायच्या असतील, तर साधा बँड शेजारी लावूनच अंगठी निवडा. बुटका बेझल बँडला टेकतो आणि मध्ये फट राहते.

पायरी ७: बिल

सोन्याचं वजन आणि हिऱ्याचं वजन वेगळं लिहून घ्या. सोन्याचा भाव निव्वळ सोन्यावरच लागायला हवा. ५० सेंटचा हिरा म्हणजे ०.१ ग्रॅम, तेवढं एकूण वजनातून वजा झालंय का बघा. घडणावळ किती, ३ टक्के जीएसटी कशावर, सर्टिफिकेट नंबर बिलावर आहे का. हिऱ्याच्या कमरेवर, म्हणजे सगळ्यात रुंद कडेवर, लेझरने कोरलेला नंबर असेल तर भिंगातून तो सर्टिफिकेटशी जुळवून घ्या. अंगठीत बसवण्याआधी जुळवणं सोपं.

परतीचा नियम लेखी घ्या आणि तुमच्या आकाराचं नाव घेऊन विचारा. "बदलून देतो" ही हमी बरेचदा गोल सॉलिटेअर डोळ्यांसमोर ठेवून दिलेली असते. मार्कीज, हार्टला गिऱ्हाईक कमी, तिथे वेगळी टक्केवारी निघू शकते. लग्नसराईत कारागिराकडे रांग असते, म्हणून साखरपुड्याच्या किमान महिनाभर आधी ऑर्डर द्या. अंगठी हातात आल्यावर माप बदलायला आठवडा उरला पाहिजे.

अंगठी घातल्यावर सहा महिन्यांनी एकदा ती काढून कानाजवळ धरा आणि बोटाने हलकी टिचकी मारा. काहीच ऐकू आलं नाही तर ठीक. टिकटिक ऐकू आली तर कुठली तरी नखी सैल झालीये. त्याच वेळी डबीत ठेवा आणि डबीसकट पेढीवर न्या, बोटात घालून नेऊ नका.